रिकामा डबा परत द्यायचा नसतो

डबा पत्र्याचा होता. गोल, निळा, झाकणावर बर्फात बुडालेलं एक घर. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात आम्ही राहायला गेलो त्याला जेमतेम चार महिने झाले होते. डिसेंबरची संध्याकाळ, बाहेर उणे अठरा. बेल वाजली. दारात शेजारच्या आजी, सत्तरी कधीच ओलांडलेल्या, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. डबा माझ्या हातात ठेवला, नाताळच्या शुभेच्छा दिल्या आणि आल्या तशा बर्फातून जपून पावलं टाकत निघून गेल्या. मी झाकण उघडलं आणि दार लावायचं विसरले. डब्यातून वेलदोड्याचा वास येत होता.

मिनेसोटात एकोणिसाव्या शतकात नॉर्वे आणि स्वीडनमधून आलेल्या शेतकरी कुटुंबांची वस्ती मोठी. त्यांच्या नाताळच्या फराळात (मला दुसरा शब्द सुचत नाही) वेलदोडा हक्कानं असतो. मनुका घातलेल्या 'यूलेकाके' नावाच्या पावात असतो, नक्षीच्या लोखंडी तव्यांत दाबून भाजलेल्या आणि गरम असतानाच सुरळी केलेल्या 'क्रुमकाके'त असतो. त्या डब्यात फुलांच्या आकाराची, तळून वर पिठीसाखर भुरभुरलेली रोझेट्सही होती. लांब दांडीचा साचा तापवायचा, पातळ पिठात बुडवायचा, तेलात धरायचा आणि फूल साच्यापासून सुटलं की काढायचं. वसईत आणि गोव्यात नाताळात करतात त्या रोझ कुकीज अशाच साच्यावरच्या. ही फुलं मी लहानपणी खाल्लेली होती. ती उत्तर ध्रुवाच्या वाटेवर भेटतील असं वाटलं नव्हतं, इतकंच.

आई तेव्हा सांगलीहून आली होती. तिनं एक फूल खाल्लं, "खुसखुशीत आहेत, पण तेल जरा जास्त तापलं असणार," असा निकाल दिला, उरलेला फराळ ताटात काढला, डबा धुऊन पुसून ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. "अगं, रिकामा डबा परत द्यायचा नसतो."

पहिल्या वर्षी त्यात बेसनाचे लाडू गेले. आजींनी आभाराची चिठ्ठी पाठवली आणि नंतर फाटकाशी भेटल्या तेव्हा हळूच विचारलं, की ते गोळे हातानं खायचे की बशीत घेऊन चमच्यानं? दुसऱ्या वर्षी डबा पुन्हा आला. तेव्हा मी ठरवलं की या खेपेला असं काही पाठवायचं, जे कसं खायचं हे त्यांना सांगावं लागणार नाही आणि ज्याची चव कुठून आली हे आपल्याला सांगावं लागणार नाही. तिकडे थंडीत घरोघर दुधातला गरम कोको होतो आणि कपावर मार्शमॅलोची पांढरी वडी तरंगते. मी वेलदोडा-जायफळाचे मार्शमॅलो केले. केले म्हणजे, चौथ्या खेपेला जमले. आधीच्या तीन खेपांबद्दल पुढे येईलच. या पुस्तिकेतल्या अकरा कृती त्या हिवाळ्यापासून सुरू झाल्या. काही सेंट पॉलच्या ओट्यावर पक्क्या झाल्या, काही पुण्याला परतल्यावर.

मार्शमॅलो हा शब्द आपल्याकडे खूप जणांच्या ओळखीचा झाला तो २०१५ साली, आणि तोही खाण्यातून नव्हे. त्या वर्षी आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीचं ते नाव. त्याआधी तो मानसशास्त्राच्या पुस्तकांत भेटायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून बालवाडीतल्या मुलांसमोर खाऊ ठेवून पाहिला, की आत्ता एक खातोस की थोडं थांबून दोन घेतोस? थांबणारी मुलं पुढे आयुष्यात सरस ठरतात, हा त्यातून निघालेला निष्कर्ष अनेक भाषणांत ऐकवला जातो. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर तो पुन्हा तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातला बराचसा जोर ओसरला. हे भाषणांत येत नाही. असो. मुद्दा हा, की नाव सगळ्यांना ठाऊक आणि पदार्थ फार थोड्यांनी नीट खाल्लेला. दुकानात मिळतात ते गुलाबी-पांढरे दंडगोल चघळून ज्यांनी मार्शमॅलो कायमचा बाद केला, त्यांना मी दोष देणार नाही. घरचा ताजा मार्शमॅलो ही निराळी वस्तू आहे. जिभेवर आधी पिठीसाखर लागते, मग दातांना किंचित अडतो, आणि आता चावावा म्हणेपर्यंत विरघळलेला असतो.

नाव एका वनस्पतीचं. मार्श म्हणजे दलदल, मॅलो हे त्या वनस्पतींच्या गोतावळ्याचं नाव. खाऱ्या दलदलीच्या काठानं वाढणारं, छातीइतक्या उंचीचं, फिकट गुलाबी फुलांचं झुडूप. शास्त्रीय नाव अल्थिया ऑफिसिनॅलिस. युनानी औषधांच्या दुकानात मागायचं तर खत्मी म्हणून मागा. भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि कापूस यांच्याच कुळातलं हे झाड आहे, आणि कुळाचा गुण त्याच्या मुळात भरलेला आहे. मुळं पाण्यात भिजवली की भेंडी चिरताना हाताला लागते तशी बुळबुळीत तार सुटते. हा चीक घशाला आराम देतो, म्हणून युरोपातले औषधवाले त्याच्या गोड वड्या करायचे. फ्रान्समध्ये साखर आणि अंड्याचा पांढरा बलक घालून, फेटून, तिची हलकी मिठाई झाली. तिचं नाव 'पात द गिमोव्ह'. गिमोव्ह म्हणजे हेच झाड.

भेंडीकुळातला चीक आणि साखर यांची गाठ कोल्हापूरकरांना नवी नाही. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत तापायला लागला की रानभेंडी ठेचून काढलेलं पाणी त्यात घालतात. चिकात मळी अडकते, फेसाबरोबर वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकता येते. म्हणून गूळ पिवळाधमक होतो. फ्रेंच माणसानं चीक गोडात राखला, आपल्या गुळव्यानं त्याच्याकडून काम करून घेऊन तो मळीबरोबर बाहेर फेकला. दोघांनाही त्या बुळबुळीत पाण्याची ताकद कळली होती.

पुढे मुळं खणा, वाळवा, उकळा ही यातायात नको म्हणून त्यांच्या जागी जिलेटीन आलं. तेव्हापासून मार्शमॅलोत मार्शमॅलो तितकाच, जितका आपल्या चायनीज भेळेत चीन. अमेरिकेत आधी कॉर्नफ्लोअरच्या थरात खळगे पाडून त्यांत मिश्रण ओतत. दुसऱ्या महायुद्धानंतर अॅलेक्स डुमॅक या ग्रीक वंशाच्या कारखानदारानं ते नळीतून दाबून, सोऱ्यातून शेव पडावी तसं लांब दोरीसारखं काढून कापायची रीत बसवली. दुकानातला दंडगोल तिथून आला. वस्तू स्वस्त झाली, मुबलक झाली, आणि घरी करण्याचा विचार लोकांच्या मनातून गेला.

मार्शमॅलोवर पुस्तिका काढणारी मी पहिली नव्हे. १९१७ साली अँजेलस नावाच्या मार्शमॅलोच्या उत्पादकांनी जॅनेट मॅकेन्झी हिल यांच्याकडून पाककृतींची एक पुस्तिका लिहून घेतली होती. या बाई बॉस्टनच्या स्वयंपाकशाळेच्या मासिकाच्या संस्थापक. कुस्करलेल्या रताळ्यावर मार्शमॅलो पसरून भाजायचे ही कृती त्या पुस्तिकेतली, आणि ती अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात जी बसली ती आजतागायत. मी ते खाल्लं आहे. एकदा पुरे. दहा वर्षांनी, १९२७ मध्ये, तिथल्या गर्ल स्काउटच्या पुस्तकात शेकोटीवर भाजलेला मार्शमॅलो आणि चॉकलेट दोन बिस्किटांत दाबायची कृती छापली गेली. ती मात्र कोणी दिली तर मी नाही म्हणत नाही.

माझी या पदार्थाशी गट्टी जमली ती पाकावरून.

संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस आमच्या सांगलीच्या घरी हलव्याची शेगडी पेटायची. मंद निखारे, वर पितळी परात, परातीत मूठभर खसखस किंवा साबुदाणा. आई शेजारी वाटीत पाक घेऊन बसायची. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचे, ते सुके होईपर्यंत; मग पुन्हा चमचाभर. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा होतो. दुसऱ्या दिवशी तो खरखरीत लागतो. तिसऱ्या दिवशी, हवा थंड आणि कोरडी असेल तर, त्याच्या अंगावर काटे उभे राहतात. ढगाळ हवा आली की आई शेगडी विझवायची. दमट दिवशी काटा येत नाही. लवंगेचा हलवा, बडीशेपेचा हलवा, वेलदोड्याच्या दाण्याचा हलवा: आत मसाला, बाहेर साखर. नव्या सुनेचे आणि बोरन्हाणातल्या बाळाचे दागिने याच दाण्यांचे.

हलव्याची सगळी करामत साखरेचे खडे धरण्यात आहे. पाण्यात मावते त्याहून जास्त साखर तापवून विरघळवलेली असते, ती संधीच शोधत असते. तिला खसखशीचा दाणा दिला की ती त्याच्यावर जाऊन बसते. मार्शमॅलोची करामत नेमकी उलट आहे. तिथेही साखर तशीच काठोकाठ विरघळवलेली, पण एकही खडा होऊ द्यायचा नाही. म्हणून पाकात लिक्विड ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप घालतात. त्यातले वेगळ्या घडणीचे कण साखरेच्या कणांच्या मध्ये शिरतात आणि त्यांना रांगेत उभं राहू देत नाहीत. जिलबीच्या पाकात लिंबू पिळतात तेही यासाठीच. आंबटामुळे साखरेचे दोन तुकडे होतात आणि पाक साखरत नाही. भांड्याच्या कडेला चिकटलेला कोरडा साखरेचा कण पाकात पडला तरी घात होतो, म्हणून कडा ओल्या ब्रशनं पुसायच्या. एका पाकाला बी द्यायचं, दुसऱ्याला बी मिळू द्यायचं नाही. हे ध्यानात आलं तेव्हा मला वाटलं, की या परक्या वडीचं अर्धं शिक्षण तर माझं घरीच झालेलं आहे.

पाक ११५ अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा. हा आकडा उष्णतेपेक्षा पाण्याचा हिशेब सांगतो. पाणी उडत जातं तसा पाकाचा उकळबिंदू चढतो, आणि ११५ला शंभर भागांतले साधारण ८५ भाग साखर उरलेली असते. आपल्या भाषेत हा मऊ गोळीचा पाक. दुसऱ्या हिवाळ्यातही आई माझ्याकडे होती. मी पातेल्याच्या कडेला थर्मामीटर अडकवून त्याच्याकडे टक लावून उभी. तिनं वाटीत गार पाणी घेतलं, पळीनं पाकाचा थेंब सोडला, तळाशी बसलेला थेंब चिमटीत धरून बघितला आणि म्हणाली, "झाला." थर्मामीटर ११४ दाखवत होता.

मग हा कढत पाक, गार पाण्यात फुगवलेल्या जिलेटीनवर बारीक धारेनं ओतायचा आणि बीटर चालू करायचा. इथे मुलांना लांब ठेवा. उकळतं पाणी अंगावर उडालं तर ओघळून जातं, पाक कातडीला चिकटून भाजत राहतो. पहिली दोन मिनिटं भांड्यात काढ्यासारखं तपकिरी-पिवळं पाणी खळखळतं आणि हे कधी पांढरं होईल यावर विश्वास बसत नाही. मग वर साबणासारखा फेस येतो. पाचव्या मिनिटाला रंग दुधावर जातो. आठव्याला यंत्राचा आवाज बदलतो, जड होतो, आणि बीटरच्या मागे रेघा उमटायला लागतात. भांड्याला बाहेरून हात लावून बघायचा. हाताला सोसेल इतकं कोमट झालं, मिश्रण दुपटीहून फुगलं, बीटर उचलल्यावर जाड चकचकीत पट्टा पडून हळूहळू मावळला, की थांबायचं. आणखी फेटलं तर ते ताटात ओतायच्या आधी भांड्यातच धरतं आणि मग उलथण्यानं ओरबाडत बसावं लागतं. तेल पुसलेल्या ताटात ओता, रात्रभर विसरा. सकाळी कॉर्नफ्लोअर आणि पिठीसाखर समसमान चाळून घ्या, सुरीला तेलाचं बोट लावा आणि वड्या पाडा. प्रत्येक कापलेली बाजू चिकट असते; ती पिठात लोळवली की शांत होते.

आता मसाला. पहिल्या खेपेला मी दालचिनीची पूड पाकातच घातली. ११५ अंशांना तिचा सुगंध घरभर झाला आणि वडीत फक्त करडा रंग उरला. मसाल्यातलं सुगंधी तेल उडून जाणारं असतं, त्याला उकळत्या पाकात टाकणं म्हणजे अत्तर चुलीवर ठेवणं. दुसऱ्या खेपेला उत्साहानं भरपूर लवंग घातली. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखं झालं. त्यातून शिकले ते असं. वेलदोडा आणि जायफळ फेटण्याच्या अगदी शेवटच्या मिनिटाला, मिश्रण कोमट झाल्यावर घालायचं. वेलदोडे ऐनवेळी कुटायचे. डब्यातली पूड चालणार नाही. जायफळ किसणीवर आठ-दहा वेळा फिरवलं की पुरे. केशर मात्र जिलेटीन भिजवायच्या पाण्यात आधी खलून, म्हणजे रंग सारखा पसरतो. दालचिनी आणि सुंठ मी आता वडीत घालतच नाही, वरून लोळवायच्या पिठात मिसळते. वडी तोंडाजवळ नेताच वास आधी नाकाला भेटतो आणि आतला पांढरेपणाही राहतो. मसाला आत थोडा, अंगावर जास्त, असा माझा हिशेब आहे. हलव्याच्या बरोबर उलट, हे लिहिताना जाणवतंय.

कोकणातल्या वाचकांना एक सांगायचं. नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ छान येतं आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्याची 'कोकण सुगंधा', दालचिनीची 'कोकण तेज' अशा जाती दिलेल्या आहेत. दारात झाड असेल तर ताजं जायफळ किसून बघा आणि मग दुकानातलं. मी आणखी काही सांगत नाही.

तिसरी खेप आल्याची. मला आलेपाकाच्या वडीसारखी झणझणीत वडी हवी होती, म्हणून आलं किसून, पिळून, चार चमचे रस शेवटी घातला. मिश्रण सुंदर फुगलं. ताटात ओतलं, झोपले. सकाळी ताटात पातळ, गोड तळं. पुन्हा फेटलं, फ्रिजमध्ये ठेवलं, उन्हाकडे तोंड करून प्रार्थना केली. तळं ते तळंच. नंतर कारण कळलं. जिलेटीन हे प्रथिन आहे आणि कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एंझाइम असतं. कच्ची पपई, अननस, किवी यांच्यातही तसं असतं. मटण मऊ व्हावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो ते याच जोरावर. जिलेटीनच्या जाळ्याचे धागे त्या आल्यानं रातोरात कुरतडून टाकले होते. उपाय सोपा: रस आधी उकळून घ्यायचा, एंझाइम निकामी होतं, तिखटपणा टिकतो. आपल्याकडच्या आजींच्या आलेपाकात आलं शिजतंच आणि जिलेटीन नसतंच, त्यामुळे हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. पान बाविसावरची कृती हीच. रस उकळा, हे मी तिथे दोनदा लिहिलं आहे.

आणि जिलेटीन म्हणजे काय, हे आईनं पहिल्याच दिवशी विचारलं. मी सांगितलं. गुरांची किंवा डुकरांची कातडी आणि हाडं यांतल्या कोलॅजेनपासून करतात. तिनं वाटीतलं फुगलेलं जिलेटीन बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाक मी बघते. खाणार नाही." चार खेपा ती पाक बघत राहिली आणि तिनं एकही वडी तोंडात घातली नाही. डबा आजींकडे नेऊन देण्याचा मान मात्र तिनंच घेतला.

या गोष्टीवरून उगाच सारवासारव करू नये असं माझं मत आहे. भेट म्हणून देताना डब्यावर स्पष्ट चिठ्ठी लावा. सेंट पॉल-मिनियापोलिसच्या जोडशहरांत सोमाली लोकांची मोठी वस्ती आहे. आमच्या गल्लीतल्या सोमाली कुटुंबासाठी मी हलाल जिलेटीन वेगळं आणत असे. त्यांच्या 'शाह' नावाच्या चहात वेलदोडा, दालचिनी, लवंग असतेच, त्यामुळे माझ्या वडीतला मसाला त्यांच्या घरी परका ठरला नाही. शाकाहारी घरांसाठी पुस्तिकेत तीन कृती आहेत, अगार म्हणजे चायना ग्रासच्या. काबुली चणे शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं फेसाळतं, हे २०१४-१५ च्या सुमारास हौशी लोकांच्या ध्यानात आलं. त्या फेसावर या वड्या उभ्या आहेत. त्या चांगल्या लागतात. पण त्यांना मार्शमॅलोची हुबेहूब नक्कल म्हणू नका. जिलेटीन आपल्या अंगाच्या उष्णतेच्या आतच, तीस-पस्तीस अंशांना वितळतं, म्हणून वडी जिभेवर नाहीशी होते. अगार एकदा धरलं की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. ती वडी दातांखाली तुटते, कोकोच्या कपात मख्खासारखी तरंगत राहते. चहाबरोबर बशीत द्या, कपात टाकू नका. आईला केशराची ही वडी आवडते. तिचा शेरा: "खांडवीची चुलत बहीण."

जिलेटीनची वडी मात्र कपातच टाकावी. तिच्यात निम्म्याहून अधिक हवा असते, त्यामुळे ती बुडत नाही. खालून वितळत जाते आणि वेलदोडा-जायफळ घोटाघोटानं दुधात उतरतं. कोजागिरीचं मसाला दूध ज्याच्या जिभेवर आहे त्याला पुढचं सांगायला नको.

आता या पदार्थाचं भेटीशी नातं काय, ते. नऊ इंच बाय तेरा इंचांचं एक ताट केलं आणि इंचाच्या वड्या पाडल्या तर तेरा नवे सतरोत्तरशे वड्या होतात. अर्ध्या मापानं करायला गेलं तर बीटरची पाती भांड्याच्या तळातल्या पाकापर्यंत नीट पोचत नाहीत आणि फेटणं फसतं. म्हणजे हा पदार्थ थोडका करता येत नाही. दोन-तीन आठवड्यांपलीकडे तो टिकतही नाही, सुकून वातड होतो. आणि घरातलं कोणीही, कितीही गोडखाऊ असो, पाच-सहांच्या पुढे जात नाही. चकलीचा घाणा आपण महिनाभर पुरवून खातो. इथे तो मार्गच बंद आहे. तेव्हा शंभर वड्या पाडून झाल्यावर बाई काय करणार? डबे शोधणार. आमच्या गल्लीत त्या वर्षी निळा डबा परत गेलाच, पण टपाल टाकणाऱ्या बाईंना, बर्फ काढणाऱ्या मुलाला आणि मुलीच्या शाळेतल्या तीन शिक्षिकांनाही पुड्या गेल्या. मी स्वभावानं दानशूर मुळीच नाही, त्या ताटानं मला भाग पाडलं.

बांधणीबद्दल थोडं. सेंट पॉलच्या घरात हीटरनं हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. तिथे वड्या रात्रीत सुकून मखमली होतात आणि कागदाच्या पिशवीतही राहतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारी उत्तम. मुंबईत आणि किनाऱ्यावर साखर हवेतलं पाणी ओढते आणि वड्यांना पाझर फुटतो. तिथे लोळवायच्या पिठात कॉर्नफ्लोअर दोन भाग आणि साखर एक भाग घ्या, घट्ट झाकणाचा डबा घ्या, थरांमध्ये बटर पेपर घाला. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताच दव धरतं. पावसाळ्यात करू नका. कोणी केलेच तर मला कळवू नका.

आजी आता नाहीत. त्यांच्या मुलीनं घर आवरताना निळा डबा मला पाठवला. आत त्यांचा क्रुमकाकेचा तवा आणि एका कार्डावर त्यांच्या हस्ताक्षरात वेलदोड्याचं माप होतं. आमच्यापेक्षा दुप्पट. पुस्तिकेतली नववी कृती त्या मापानं आहे. डबा मुलीकडे परत गेला आहे, भरून.

कृतींकडे वळण्याआधी एक काम करा. पाक ११५ अंशांना उतरवा असं मी सगळीकडे छापलं आहे, ते समुद्रसपाटीचं माप. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे सगळंच कमी अंशांना उकळतं. तीनशे मीटरला एक अंश असा ढोबळ हिशेब. पुण्यात साडेपाचशे मीटरवर दोन अंश वजा करायचे, महाबळेश्वरला चार ते पाच. शिवाय बाजारातले थर्मामीटर आपापल्या मर्जीचे असतात. म्हणून साखर मोजायच्या आधी पातेलीत नुसतं पाणी ठेवा, खळखळून उकळू द्या, थर्मामीटर बुडवा आणि जो आकडा दिसेल तो पेन्सिलीनं या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. त्यात पंधरा मिळवा. तुमचा पाक तिथे उतरवायचा.